तगादा आणि पत

हुबळीहून धारवाडकडे जाताना नवनगरच्या जवळ अमरगोळ लागते. शंकरलिंगाचे व बनशंकरीचे चालुक्यकालीन देवालय ही या गावाची जुनी ओळख होय. हुबळीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार ही त्याची नवी ओळख. कापूस, मिरची, कांदा, भुईमूग असा नाना प्रकारचा माल या आवारात उतरतो, तोलला जातो आणि दूरदूरच्या पेठांकडे रवाना होतो. या साऱ्या उलाढालीत हाती रोख रक्कम पडण्याआधी पुष्कळसे व्यवहार नुसत्या शब्दावर झालेले असतात. शेतकरी अडत्याच्या भरवशावर माल उतरवून ठेवतो, अडत्या खरेदीदाराला चार दिवसांची मुदत देतो, आणि बियाणे-खतांचा दुकानदार सुगीच्या बोलीवर पोते उचलू देतो. बाजार चालतो तो असा, पतीवर.

मराठीतला 'पत' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. माणसाची देणे फेडण्याची ऐपत हा त्याचा एक अर्थ, आणि चारचौघांतील त्याची अब्रू हा दुसरा. आपल्या लोकांनी हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बांधले, यात व्यवहारज्ञान आहे, तसा एक धोकाही आहे. हप्ता चुकला की आपली अब्रूच गेली असे माणसाला वाटू लागते. धारवाडकडच्या मराठी घरांत आणखी एक शब्द कानी पडतो. मराठीत 'साल' म्हणजे वर्ष; शेजारच्या कानडी घरात 'साल' म्हणजे कर्ज. ज्याचे एक साल बिघडले त्याचे दुसरे साल वाढले, ही येथल्या कोरडवाहू शेतकऱ्याची नित्याची स्थिती आहे, आणि त्यात त्याचा दोष असतोच असे नाही.

अशा एखाद्या घराची कल्पना करावी. घरधनी बाजार आवारात हमाली करतो, घरधनीण मिरचीचे देठ खुडण्याच्या कामाला जाते. मुलीच्या शिक्षणासाठी आणि घराच्या पत्र्यांसाठी तिने बायकांच्या गटातून कर्ज काढले. पहिले काही महिने हप्ते वेळेवर गेले. मग पाऊस लांबला, आवक घटली, काम मंदावले, आणि दोन हप्ते चुकले. तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊ वाजता मोटारसायकलवरून एक मनुष्य दारात आला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागला. दुसऱ्या दिवशी तिने फोन बंद ठेवला. चौथ्या दिवशी हप्ता भागवण्यासाठी दुसरीकडून, अधिक व्याजाने, नवे कर्ज घेतले. पुढच्या आठवड्यात दोन मनुष्ये दारात आली.

असे घर कोणत्याही वस्तीत सापडेल. तिचे संकट हप्ता चुकल्यामुळे सुरू झाले हे खरे. परंतु ते वाढले ते ती लपली म्हणून. आणि ती लपली, कारण दारात उभ्या असलेल्या मनुष्याचे अधिकार किती आणि आपले किती, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

वस्तुतः हा प्रश्न नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. पुढे अनेक गावांत तसेच घडले. त्या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, लोकांनी माणसांपेक्षा कागदांवर राग काढला. त्यांनी सावकारांकडून कर्जखते, रोखे मागितले आणि जाळले. सही करणाऱ्याला न वाचता येणारा, त्याच्यापाशी ज्याची नक्कल नाही असा, आणि न्यायालयात मात्र निर्णायक ठरणारा तो कागद हेच आपल्या दैन्याचे मूळ आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. त्यांचा उपाय मात्र चुकीचा होता, कारण कागद जाळून हिशेब मिटत नाही.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्यक कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपासून त्याचा आरंभ झाला. रोख्यावर लिहिलेल्या आकड्यापाशी न थांबता त्या कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, असे या कायद्याने न्यायालयांना सांगितले. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले. भरलेल्या रकमेची पावती आणि वार्षिक हिशेब मिळण्याचा हक्क ऋणकोला दिला. तो कायदा आता इतिहासजमा झाला आहे. परंतु हिशेब पाहण्याचा हक्क, पावतीचा हक्क आणि देण्यापायी देह गहाण न पडण्याचा हक्क या तीन गोष्टी निरनिराळ्या कायद्यांतून आजही जिवंत आहेत.

दुसरा उपाय धारवाड जिल्ह्याच्याच मातीत रुजला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०५ साली तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील, गदगजवळच्या कणगिनहाळ या खेड्यात सिद्दनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था उभी राहिली. देशातील अगदी आरंभीच्या कृषी पतसंस्थांत तिची गणना होते. एकट्याची पत लहान असते. दहा जणांनी एकमेकांची हमी घेतली तर ती मोठी होते, हे तिचे तत्त्व. आजच्या बायकांच्या कर्जगटांचे तत्त्वही हेच आहे. भेद पडतो तो हेतूत. शेजारीण अडचणीत आली तर तिला सावरण्यासाठी हमी असेल, तर तो सहकार होय. तिचा हप्ता आल्याखेरीज इतर बायकांना जागचे हलू द्यायचे नाही, एवढ्यापुरतीच ती हमी उरली, तर शेजारणीच एकमेकींच्या वसुली कारकून बनतात.

हे असेच अनेक ठिकाणी घडले. २०२५ सालच्या जानेवारीत कर्नाटकाच्या कित्येक जिल्ह्यांतून सूक्ष्मकर्जांच्या वसुलीविषयी तक्रारी आल्या. काही कुटुंबे गाव सोडून गेली, काहींनी जीव दिला. पूर्वी धारवाड जिल्ह्याचाच भाग असलेल्या हावेरी जिल्ह्यातील स्त्रियांनी, आमचे सौभाग्य वाचवा असे सांगत, आपली मंगळसूत्रे टपालाने मुख्यमंत्र्यांकडे पाठविली. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी राज्यपालांच्या स्वाक्षरीने सूक्ष्म व लहान कर्जांच्या वसुलीतील जबरदस्तीला आळा घालणारा अध्यादेश निघाला, आणि पुढे विधिमंडळाने तशा कायद्याला संमती दिली. कर्जदाराला धमकावणे, त्याच्या पाठलागावर राहणे, गुंडांकरवी वसुली करणे, सरकारी योजनांच्या लाभाची कागदपत्रे हिसकावून घेणे, हे सारे त्यात जबरदस्ती म्हणून गणले गेले. त्यासाठी सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली आहे. अशी तक्रार नोंदवून घेण्यास पोलिसांनी नकार देता कामा नये, असेही त्यात म्हटले आहे.

रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील बँका व वित्तसंस्थांना त्या बँकेचे नियम लागू होतात, आणि ते कर्जदाराने अक्षरशः पाठ करून ठेवावेत इतके सोपे आहेत. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत आहे, त्याला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्मकर्ज, अशी व्याख्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत केली आहे. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, अशी मर्यादा घातली आहे. अर्थात पाचव्या संस्थेने पाचवे कर्ज देताना आधीच्या चारांकडे डोळेझाक केली असेल, तर चूक केवळ घेणाऱ्याची नसते.

वसुलीविषयी हे नियम म्हणतात की, ती उभयपक्षी ठरलेल्या जागी व्हावी. कर्जदार त्या ठिकाणी लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आलाच नाही, तरच संस्थेच्या मनुष्याने त्याच्या घरी वा कामाच्या जागी जावे. सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर तगादा करू नये. इतर प्रकारच्या कर्जांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये घालून दिलेली वेळ सकाळी आठ ते सायंकाळी सात अशी होती. शिवीगाळ, धमकी, सारखे फोन करणे, नातेवाईक, मित्र व सहकारी यांना त्रास देणे, कर्जदाराचे नाव चारचौघांत जाहीर करणे, देण्याचा आकडा फुगवून सांगणे, हे सारे निषिद्ध आहे. आणि वसुलीसाठी ठेवलेला मनुष्य बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी ठेवणाऱ्या संस्थेवरच असते. तेव्हा रात्री नऊ वाजता दारात येऊन ओरडणारा मनुष्य आपले काम करीत नसतो, तर नियम मोडीत असतो.

दारात कोणी आले तर प्रथम दार लोटून घेऊ नये आणि आवाजही चढवू नये. त्याचे ओळखपत्र आणि संस्थेने दिलेले अधिकारपत्र पाहण्यास मागावे. नाव, संस्था, दिवस आणि वेळ वहीत लिहून घ्यावी. अस्सल वसुली अधिकाऱ्याला यात काही वावगे वाटणार नाही; तोतयाला मात्र वहीची भीती वाटते. पैसे द्यायचे असतील तर पावतीखेरीज एक रुपयाही देऊ नये. सूक्ष्मकर्जाच्या कर्जदाराला त्याला समजेल अशा भाषेत कर्जपत्रिका मिळाली पाहिजे, आणि तिच्यात व्याज, इतर आकार, हप्ते व तक्रार कोठे करावी हे असले पाहिजे. अमरगोळच्या मराठी घरातील बाईला कानडी बोलता येत असेल, पण वाचता येतेच असे नाही. तिने भाषेचा हा हक्क निःसंकोच मागावा.

अनेकांना वाटते की, वसुलीचा मनुष्य घरातील भांडी, शिलाई यंत्र, बैल काही उचलून नेऊ शकतो. हा गैरसमज होय. विनातारण कर्जापायी न्यायालयाच्या हुकुमाखेरीज कोणालाही कोणाच्या घरातील वस्तू उचलता येत नाही. एवढेच नव्हे, तर न्यायालयाने हुकूमनामा दिल्यावरही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने काही वस्तू जप्तीतून वगळल्या आहेत. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व उपजीविकेपुरती गुरे त्यांत येतात. धर्माचारानुसार स्त्रीला अंगावेगळे न करता येणारे दागिनेही त्यांत आहेत. हावेरीच्या स्त्रियांनी जी मंगळसूत्रे टपालात घातली, त्यांना कायद्याने केव्हाच अभय दिले होते. ते त्यांच्या दारापर्यंत पोहोचले नव्हते, ही खरी शोकांतिका आहे.

तारण ठेवलेल्या मालमत्तेची गोष्ट निराळी. वाहन तारण असेल तर करारातील सूचना व मुदत पाळून संस्था ते ताब्यात घेऊ शकते; पण तेथेही गुंड पाठवून गाडी ओढून नेणे गैर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले. घर तारण असेल तर २००२ च्या कायद्याप्रमाणे आधी साठ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कर्जदाराने तिला हरकत घेतली तर पंधरा दिवसांत तिचे कारणासह उत्तर देणे धनकोवर बंधनकारक आहे. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. पण ही सर्व कवचे नोटिशीला उत्तर देणाऱ्यासाठी असतात. टपालवाल्याला परत पाठवणाऱ्याचे साठ दिवसही सरतातच.

तुरुंगाची भीती ही तगाद्याची सर्वांत जुनी हत्यारी. केवळ पैसे नाहीत म्हणून कोणी तुरुंगात जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच स्पष्ट केले आहे. ऐपत असून लबाडीने देणे चुकवणाऱ्याची गोष्ट वेगळी. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. मात्र एक सावधगिरी हवी. चेक वटला नाही तर तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून कोऱ्या चेकवर वा कोऱ्या कागदावर सही करून देणे म्हणजे आपल्या हाताने दुसऱ्याच्या हाती दोरी देणे होय.

खाजगी सावकाराकडून कर्ज घेतलेल्यांनी त्याच्याजवळ परवाना आहे काय, हे प्रथम सहकार खात्याकडे विचारावे. कर्नाटकात १९६१ च्या कायद्याप्रमाणे सावकारीला परवाना लागतो, आणि २००४ च्या कायद्याने अवाजवी व्याजाला मनाई केली आहे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवला होता. व्याजाला कोठेतरी बांध हवा, ही जाणीव परदेशातून आलेली नाही. मोबाइलवर क्षणात कर्ज देणाऱ्या काही अनोळखी योजना तर सावकारालाही मागे टाकतात. त्या फोनमधील नावे व छायाचित्रे मागून घेतात आणि पुढे त्यांचाच धाकासाठी उपयोग करतात. कर्ज देण्यासाठी अशी माहिती घेण्याला रिझर्व्ह बँकेने २०२२ साली मनाई केली. अशा फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते.

आता दुसरी बाजू. हे हक्क देणे बुडवण्यासाठी नाहीत. घेतलेले परत करावे, हा सर्व व्यवहाराचा पाया आहे. तो ढासळला तर पुढच्या गरजवंताला कर्ज मिळणार नाही, आणि मिळाले तर अधिक महाग मिळेल. म्हणून हप्ता चुकणार असे दिसू लागताच, चुकण्याची वाट न पाहता, कर्जदाराने स्वतः शाखेत जावे. जाण्यापूर्वी एका कागदावर घरातील सर्व कर्जे, त्यांचे व्याज, महिन्याची मिळकत आणि अन्न, औषध, शाळा यांचा खर्च मांडावा. जे उरते तेवढेच आपण देऊ शकतो, हे त्या कागदावरून त्याला स्वतःलाही कळेल. मग मुदत वाढवून हप्ता लहान करावा, असा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पीक बुडून आपत्ती जाहीर झाली असेल तर पीककर्जाची पुनर्रचना करण्याची तरतूद बँकांच्या नियमांत आहे; तीही मागितल्याशिवाय मिळत नाही. देणे नव्वद दिवसांहून अधिक थकले की बँकेच्या वहीत ते खाते अनुत्पादक ठरते. म्हणून बोलणे त्याआधी व्हावे. आणि जुने कर्ज फेडण्यासाठी त्याहून महाग नवे कर्ज कधीही घेऊ नये. त्यात हप्ता भागतो, पण घर भागत नाही.

संस्था ऐकत नसेल, किंवा तिच्या मनुष्याचे वर्तन असह्य होत असेल, तर प्रथम संस्थेकडेच लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. धमकी वा हात उचलण्यापर्यंत गोष्ट गेली तर तीस दिवस थांबण्याचे कारण नाही; थेट पोलिसांकडे जावे. जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. लोक अदालतीत तडजोड झाली तर ती न्यायालयाच्या हुकुमाइतकीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नसते. म्हणून झेपेल तेवढाच आकडा तेथे मान्य करावा.

पतीची नोंद पूर्वी सावकाराच्या वहीत आणि गावाच्या तोंडी असे. आज ती चार पतमाहिती कंपन्यांच्या दप्तरात असते. २००५ च्या कायद्याने त्यांचे काम बांधून दिले आहे. बँका व वित्तसंस्था प्रत्येक कर्जाचा हप्ता वेळेवर आला की उशिरा, हे त्यांना कळवतात, आणि त्यावरून सामान्यतः ३०० ते ९०० या दरम्यान गुण ठरतात. बायकांच्या गटातील लहान कर्जाचीही नोंद तेथे होते. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने २०१६ साली दिला आहे. तो अवश्य मागवावा. फेडलेले कर्ज न फेडलेले म्हणून, किंवा दुसऱ्याच कोणाचे कर्ज आपल्या नावावर, अशा चुका त्यात सापडतात. तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू झाला.

येथे एक सापळा ओळखून ठेवावा. थकलेल्या कर्जाबद्दल वसुलीचा मनुष्य कधी म्हणतो, 'निम्मे भरा, मिटवून टाकू.' निम्म्यात कर्ज मिटते. पण अहवालात ते 'पूर्ण फेडले' असे न लिहिता 'तडजोडीने मिटवले' असे लिहिले जाते, आणि ती नोंद पुढील धनकोला कित्येक वर्षे दिसत राहते. अगदीच इलाज नसेल तर तडजोड करावी, पण ती लेखी असावी, आणि तिचा हा परिणाम जाणून करावी. पूर्ण फेड झाल्यावर बेबाकीचा दाखला घ्यावा. तारण ठेवलेली मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत द्यावीत, आणि संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई द्यावी, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून अमलात आला.

जामीन राहणाऱ्यांसाठीही चार शब्द आवश्यक आहेत. 'नुसती सही तर करायची आहे' असे म्हणून मेव्हण्याला, शेजाऱ्याला आपण जामीन राहतो. कायद्याच्या दृष्टीने जामीनदाराचे देणे मूळ ऋणकोइतकेच असते. धनकोने आधी ऋणकोकडे जावे आणि मग जामीनदाराकडे, असा क्रम त्याच्यावर बंधनकारक नाही. ज्याचे कर्ज वेळ पडल्यास आपण स्वतः फेडू शकू, त्यालाच जामीन राहावे. मैत्री राखण्याचा तोच सरळ मार्ग आहे.

शेवटी त्या मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईकडे वळावे. तिचे कर्ज कायद्याने नाहीसे होणार नाही, आणि ते व्हावे अशी तिचीही इच्छा नसेल. तिला हवी आहे ती थोडी मुदत आणि दारात बोलताना थोडी माणुसकी. पहिला हप्ता चुकण्याच्या आधी ती कर्जपत्रिका घेऊन शाखेत गेली असती, तर तिला मुदत कदाचित मिळाली असती, कदाचित नसती. पण अर्जाची पोच तिच्या हाती राहिली असती, आणि रात्री नऊ वाजता आलेल्या मनुष्याला तिने ती दाखविली असती. शेजारणींनाही ऐकू गेले असते ते त्या मनुष्याचे ओरडणे नव्हे, तर तिने शांतपणे विचारलेला प्रश्न : तुमचे ओळखपत्र कोठे आहे?

जो आपल्या देण्याचा हिशेब स्वतः मांडतो, ते लपवीत नाही, आणि आपल्या हक्कापुरते ताठ उभे राहतो, त्याची पत हप्ता उशिरा गेला तरी गेली असे म्हणता येणार नाही. अमरगोळच्या आवारात अनुभवी अडत्याही शेवटी एवढेच पाहतो की, साल वाईट गेले तेव्हा हा मनुष्य समोर आला की वाट चुकवून गेला. जो समोर आला, त्याला पुढच्या सुगीला पोते मिळते. म्हणून ज्या घरात आज हप्त्याची चिंता आहे, त्या घराने आज रात्रीच दिवा लावून तो कागद मांडावा, आणि उद्या सकाळी शाखा उघडण्याच्या वेळी दारात उभे राहावे.